बंद चेनसॉ दुरुस्त केली, चालू चेनसॉ मोडली

शेडमधल्या फळीवर दोन जुन्या पेट्रोल चेनसॉ पडून होत्या. एक 50 सीसीची, 18 इंची बारची (बार म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी). दोरी ओढली की फिरायची, पण पेटायची नाही. दुसरी तिच्याहून बरीच जुनी, 1970च्या दशकातल्या बांधणीची, वजनाला भक्कम, आणि चोक देऊन ओढली की सुरू होणारी. दोन्हींबाबत प्रश्न एकच होता: दुरुस्त करून ठेवायची, विकायची, की कुणाला देऊन टाकायची? बंद आहे ती द्यावी आणि चालू आहे ती ठेवावी, असं वरवर पाहता कुणीही म्हणेल. तपासणी झाल्यावर निर्णय वेगळाच झाला.

बंद मशीनच्या बाबतीत तपासणीचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक जण आधी प्लग बदलतात, मग कार्ब्युरेटर उघडतात, मग कॉइल (ठिणगीची वीज देणारा भाग) मागवतात आणि एवढा खर्च झाल्यावर कळतं की पिस्टनच गेलाय. म्हणून आम्ही नवा भाग एकही आणला नाही. ज्या तपासण्यांना फक्त पाना आणि टॉर्च लागते, त्या आधी उरकल्या.

पहिलं काम टाकी रिकामी करण्याचं. आतलं मिक्स (ऑइल मिसळलेलं) पेट्रोल गडद झालं होतं आणि त्याला वार्निशसारखा वास येत होता. मिसळलेलं पेट्रोल महिनाभरात वापरून टाकावं. जास्त राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी वेगळं साचतं. असं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं की खालचा पाण्याचा थर डोळ्यांनी दिसतो. हे पेट्रोल परत कुठल्याही इंजिनात घालू नये.

मग सायलेन्सर काढला. दोन-तीन बोल्टचं काम आहे, पण सगळा निर्णय या भोकावर अवलंबून असतो. एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून दोरी हळूहळू ओढली की पिस्टनची बाजू वरपासून खालपर्यंत दिसते. चांगल्या पिस्टनवर मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतात आणि रिंग मोकळी, चकचकीत दिसते. उभे ओरखडे दिसले, तर ते कुठल्या बाजूला आहेत यावरून कारण कळतं. एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलेलं असतं, किंवा मिश्रण पातळ झालेलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कार्ब्युरेटरच्या बाजूला, पिस्टनच्या खालच्या भागावर राखाडी घासल्याच्या खुणा असतील तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेलेली असते. ही बाजू पाहायला कार्ब्युरेटर काढावा लागतो. चारही बाजूंना सारखे डाग असतील तर इंजिन गार असतानाच एकदम जोरात रेस केलेलं असतं, किंवा सिलेंडरवरचे थंडाव्याचे पंख कचऱ्याने माखून थंडावा बंद झालेला असतो.

पिस्टनवर ओरखडे दिसले म्हणजे सिलेंडर गेलाच, असं नाही. सिलेंडरच्या आत कठीण मुलामा असतो आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. चिकटताना बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलेंडरला लागतं. नख फिरवून पाहावं. नख उंचवट्याला लागलं तर तो चिकटलेला धातू आहे आणि तो काढता येतो. मग नवा पिस्टन आणि रिंग घालून काम भागतं. नख खोल चरीत अडकलं तर मुलामाच गेलाय आणि सिलेंडरही बदलावा लागतो. त्या खर्चात जुन्या मशीनचं गणित सहसा जमत नाही.

50 सीसीच्या मशीनचा पिस्टन दोन्ही बाजूंनी स्वच्छ निघाला. एक्झॉस्टच्या तोंडाशी थोडा कार्बन होता. तो लाकडी काडीने खरवडला, आणि त्या वेळी पिस्टन वर ठेवून तोंड झाकून घेतलं, म्हणजे कण आत पडत नाहीत.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती दाबतो ते. सायलेन्सर परत बसवला, प्लगच्या जागी गेज लावलं, थ्रॉटल पूर्ण दाबून धरला आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. डिकॉम्प्रेशन बटण (दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारं) असेल तर ते बंद असलं पाहिजे. काटा 145 पीएसआयवर थांबला. या आकाराच्या चांगल्या इंजिनाला साधारण 130 ते 160 पीएसआय मिळतात. 110च्या खाली गेलं की गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देतं. गेज घेताना एक पाहावं: हवा अडवणारा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला हवा. तो नळीच्या दुसऱ्या टोकाला, गेजपाशी असेल तर नळीतली जागाही सिलेंडरमध्ये धरली जाते आणि एवढ्या छोट्या इंजिनात आकडा खूप कमी दिसतो. चांगल्या मशीन या एका कारणाने भंगारात गेल्याचं आम्ही पाहिलंय.

ठिणगी नव्हती. कॉइल मागवायची घाई इथेच होते. आम्ही आधी स्टॉप स्विचची वायर कॉइलपासून सोडवली आणि ठिणगी लगेच आली. स्विचला जाणारी वायर हँडलखाली घासून उघडी पडली होती आणि बॉडीला टेकत होती. टेपवर भागवलं नाही. वायर बदलून ती खाचेत नीट बसवली. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर 0.3 मिमी होतं, प्लगची गॅप 0.5 मिमी, दोन्ही ठीक. ठिणगी तपासताना प्लग त्याच्या भोकाजवळ धरू नये. आत पेट्रोलची वाफ असते.

ठिणगी आली, कॉम्प्रेशन होतं, तरी अजून दुरुस्तीचा निर्णय घेतला नव्हता. हवेची गळती बघायची राहिली होती. हीच तपासणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि मग महिन्याभरात नवा पिस्टनसुद्धा चिकटतो. टू स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यातून जातं. त्यामुळे क्रँकचं ऑइल सील, सिलेंडरखालचं गॅस्केट किंवा कार्ब्युरेटरमागचा रबरी बूट यांतून कुठूनही बाहेरची हवा आत आली, की मिश्रण पातळ होतं. मशीन तेव्हा जास्तच जोरात चालल्यासारखी वाटते, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागतो, बाजूला कलती केली की आयडलिंग बदलतं. लोक याला कार्ब्युरेटरचा दोष समजून स्क्रू फिरवत बसतात.

तपासायची रीत अशी. सायलेन्सर सैल करून त्याच्या आत रबराचा तुकडा ठेवून परत आवळायचा, म्हणजे एक्झॉस्ट बंद होतं. कार्ब्युरेटर काढून बूटचं तोंड पट्टीने बंद करायचं. प्लगच्या भोकातून हातपंपाने 0.5 बार दाब भरायचा आणि काटा अर्धा मिनिट स्थिर राहतो का ते पाहायचं. आमचा काटा सावकाश खाली येत होता. साबणाचं पाणी लावल्यावर बूटच्या घडीत बारीक बुडबुड्यांची रांग उठली. बोटाने घडी उघडल्याशिवाय ती भेग दिसतच नव्हती. क्रँकच्या दोन्ही टोकांना बुडबुडे नव्हते. पुढे नवा बूट बसवल्यावर दाबाची चाचणी परत घेतली आणि त्याच मांडणीत 0.5 बार निर्वात करूनही पाहिलं. दोन्ही लागतात, कारण सीलची ओठासारखी कड दाबाने शाफ्टला चिकटते आणि ओढ बसली की उघडते. फक्त दाबाची चाचणी घेतली तर खराब सील चांगलं ठरतं.

बूट का फाटला याचं उत्तर दुसरीकडे सापडलं. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये कंपन शोषणारे रबरी गट्टू असतात, त्यांतला एक तुटला होता. त्यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर हलत होतं आणि दर हिसक्याला बूट ताणला जात होता. गट्टू न बदलता नुसता बूट घातला असता तर तोही फाटला असता. शिवाय गट्टू गेलेल्या मशीनची थरथर थेट हातात येते. असं रोज काम करणाऱ्याची बोटं बधिर आणि पांढरी पडतात.

आता भागांची यादी काढली: बूट, एक गट्टू, वायर, कार्ब्युरेटर किट, पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, एअर फिल्टर, प्लग. यांतला एकही भाग इंजिन उघडायला लावणारा नव्हता. आमचा ठोकताळा असा, की भागांची बेरीज तशाच चालू स्थितीतल्या जुन्या मशीनच्या किमतीच्या निम्म्याखाली राहिली तर दुरुस्त करावी. तुलना नव्या मशीनच्या किमतीशी करू नये; दुरुस्त केली तरी ती जुनीच राहते. बेरीज निम्म्याच्या बरीच खाली होती. मुख्य म्हणजे सगळे भाग मिळत होते. एखाद्या मॉडेलचा बूट किंवा ऑइल पंप मिळणं बंद झालं असेल तर बाकी इंजिन कितीही उत्तम असो, ती मशीन सुट्या भागांसाठीच उरते. म्हणून पैसे देण्याआधी यादीतला शेवटचा भागही मिळतोय याची खात्री करावी.

कार्ब्युरेटर किटमध्ये चुकीला वाव आहे, म्हणून इथे जरा थांबतो. चेनसॉवर बहुधा वॉल्ब्रो किंवा झामाचा डायफ्रॅम (पातळ लवचिक पडद्याचा) कार्ब्युरेटर असतो. त्याच्या दोन बाजूंना दोन झाकणं असतात आणि दोन्हीकडे गॅस्केट आणि डायफ्रॅमचा क्रम वेगळा असतो. मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला बॉडीवर आधी गॅस्केट, मग डायफ्रॅम, मग झाकण. पंपाच्या बाजूला आधी डायफ्रॅम, मग गॅस्केट, मग झाकण. क्रम उलटला तर मशीन सुरू होत नाही किंवा ओव्हरफ्लो होते. जुना मीटरिंग डायफ्रॅम कागदासारखा कडक झाला होता. चांगला असेल तर तो हातात लुळा राहतो. सुईखालचा लिव्हर त्या कार्ब्युरेटरच्या गेजने लावावा, अंदाजाने वाकवू नये. जास्त उंच राहिला तर पेट्रोल वाहतं, खाली राहिला तर मशीन उपाशी राहते. आतली बारीक भोकं तारेने टोकरू नयेत, क्लीनर आणि हवेने साफ करावीत. टाकीतली नळी बोटांत वाकवताच तडकली. नवी नळी कापताना टोक तिरकं कापलं की टाकीच्या भोकातून ओढून घेता येते.

नवं पेट्रोल 50:1 मिसळलं, म्हणजे लिटरला 20 मिली चांगलं टू स्ट्रोक ऑइल. एल (कमी रेसचं मिश्रण ठरवणारा) आणि एच (पूर्ण रेसचं) हे दोन्ही स्क्रू हलके बंद करून एकेक फेरा उघडले. मशीन सुरू झाली. गरम झाल्यावर एल असा लावला की थ्रॉटल दाबताच न अडखळता रेस घेते, मग आयडलचा स्क्रू असा की साखळी अजिबात फिरत नाही. एच टॅकोमीटरशिवाय (फेरे मोजणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नये. या मशीनला कमाल फेरे माहितीपत्रिकेत दिलेले होते, त्याच्या थोडं खालीच ठेवलं. पूर्ण रेसवर मोकळी असताना आवाज किंचित फुटका यावा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हावा. मोकळी असतानाच आवाज एकसारखा किणकिणता आला तर मिश्रण पातळ आहे. तशी चालवली तर पिस्टन चिकटतो.

कापायच्या बाजूचं सांगतो. क्लचला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी घातली, पण पिस्टनने एक्झॉस्टचं तोंड पूर्ण झाकल्यावरच; नाहीतर दोरी तोंडात सापडून तुटते. स्प्रॉकेटवर (साखळी फिरवणाऱ्या चाकावर) साखळीने पाडलेल्या खाचा 0.5 मिमीपेक्षा खोल होत्या, म्हणून तो बदलला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी घालणं म्हणजे साखळी वाया घालवणं. आहे त्या साखळीचे दात अजून 6 मिमी शिल्लक होते. 4 मिमीपर्यंत किंवा दातावरच्या खुणेपर्यंत वापरता येतात. साखळीच्या कडीवर 21 असा आकडा होता. ओरेगॉनच्या साखळीवर त्याचा अर्थ 0.325 इंच पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप) आणि 1.5 मिमी जाडी (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची). तिला 4.8 मिमीची गोल कानस लागते आणि दातापुढचा डेप्थ गेज (दात किती खोल कापेल ते ठरवणारा उंचवटा) 0.65 मिमी खाली ठेवायचा. बारची खाच 6 मिमीपेक्षा खोल होती, कडांवर आलेली बर सपाट कानशीने काढली आणि बार उलटा करून लावला.

मग ब्रेक. चेन ब्रेकचा पट्टा सगळ्यात झिजलेल्या जागी 0.6 मिमीच्या खाली गेला की बदलावा लागतो. आमचा जेमतेम त्यावर होता, तरीही बदलला. मशीन बंद ठेवून, बारचं टोक ओंडक्याच्या वर सुमारे हातभर धरून नुसतं पडू दिलं. टोक आपटताच ब्रेक लागला. पूर्ण रेसवर गार्ड पुढे ढकलला, साखळी तिथल्या तिथे थांबली. पुढचा गार्ड, मागच्या हाताचं संरक्षण, तुटलेली साखळी पकडणारा हुक, थ्रॉटलचं लॉक, स्टॉप स्विच हे सगळं काम करत होतं.

इथेच दुसरी, चालू असलेली चेनसॉ नापास झाली.

तिचं इंजिन उत्तम होतं. पिस्टन स्वच्छ, कॉम्प्रेशन पुरेसं, फ्लायव्हीलखालचे पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासून सुमारे 0.4 मिमीवर लावले की ठिणगी कडक. पण तिला चेन ब्रेक नव्हता. पुढच्या हँडलवर हाताचा गार्ड नव्हता, थ्रॉटलला लॉक नव्हतं, साखळी पकडणारा हुक नव्हता, आणि हँडल थेट इंजिनला जोडलेलं. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेनसॉ उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. हाताने रोखणं माणसाच्या वेगाच्या बाहेरचं आहे. ब्रेक त्याच क्षणासाठी असतो. तो नंतर बसवता येत नाही: ड्रमभोवती पट्ट्याला जागा, कव्हरमध्ये स्प्रिंग, गार्डला टेकण्याची जागा, हे सगळं मूळ बांधणीतच लागतं.

अशी मशीन विकणं आम्हाला पटलं नाही आणि फुकट देणं तर त्याहून नाही. विकत घेणारा निदान चार प्रश्न विचारतो. फुकट मिळालेली वस्तू माणूस तपासत नाही, आणि ती बहुधा अशाच हातात जाते ज्याने आधी चेनसॉ कधी धरलेली नसते. म्हणून देण्याची अट विकण्यापेक्षा कडक हवी. ब्रेक चालू असावा, आणि घेणाऱ्याकडे व्हायझरचं हेल्मेट, कानाचं संरक्षण, कापरोधक पँट आणि चालवायचा सराव असावा. पँटशिवायची चेनसॉ अर्धीच वस्तू आहे, असं आम्ही मानतो. बरेच जण शेजारी, नातेवाईक मागतात म्हणून भीड पडून देतात; ती भीड इथे बाजूला ठेवावी.

'फक्त सुट्या भागांसाठी' असं लिहून विकण्याचा पर्यायही अपुरा वाटला. बार आणि साखळी लावली की ती पुन्हा कापणारच. म्हणून बार, साखळी, क्लचचा ड्रम आणि बार धरणारे दोन्ही बोल्ट काढून टाकले. उरलेलं इंजिन टू स्ट्रोकची दुरुस्ती शिकवणाऱ्या वर्गाला दिलं. पॉइंट्सची इग्निशन, हाताने दाबायचा ऑइल पंप, उघडता-जोडता येणारं सगळं एका ठिकाणी. शिकायला अशी वस्तू चांगली. भंगारात घालायची वेळ आली तर एक ध्यानात ठेवावं: चेनसॉचा क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो ग्राइंडरने कापू नये, कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर आग वाढते. बोल्ट सोडून वेगळा करावा आणि भंगारवाल्याला तो कशाचा आहे ते सांगावं.

राहिली दुरुस्त झालेली. ठेवायची का, हे कामावरून ठरवलं. वर्षातून चार फांद्या छाटायच्या असतील तर 50 सीसीची मशीन गैरसोयीचीच. ती वापरात कमी आणि पडून जास्त राहते, आणि पडून राहिल्यानेच तिची ही अवस्था झाली होती. तेवढ्या कामाला बॅटरीची छोटी चेनसॉ किंवा चांगली हातकरवत पुरते. ओंडके नियमित फाडणाऱ्याला मात्र ही मशीन हवीच असते. म्हणून ती विकली.

विकताना नवा बार, नवी साखळी घालून सजवण्यात फायदा नसतो. त्याचे पैसे किमतीत परत येत नाहीत. परत येतात ते पुराव्याचे. एक्झॉस्टमधून काढलेला पिस्टनचा फोटो, कॉम्प्रेशनचा आकडा, बदललेल्या भागांची यादी, आणि गार मशीन घेणाऱ्याच्या समोर सुरू करणं. आधीच गरम करून ठेवलेली मशीन दाखवली की जाणकाराला संशय येतोच. सायलेन्सरला हात लावून तो गार आहे हे घेणाऱ्याने स्वतः पाहावं. मग ब्रेक त्यानेच लावून पाहावा, आणि फिकट रंगाच्या लाकडासमोर बारचं टोक धरून रेस दिल्यावर ऑइलची रेघ उमटते का तेही.

मशीनसोबत बारचं कव्हर, 4.8 मिमीची कानस, डेप्थ गेजची पट्टी आणि पत्रिका दिली. टाकीच्या झाकणाजवळ ऑइल पेनने 50:1 आणि 20 मिली लिहिलं. कव्हरच्या आत चिठ्ठी चिकटवली: पिच 0.325, जाडी 1.5 मिमी, 72 कड्या, प्लग गॅप 0.5. दुकानात साखळी मागताना नुसतं '18 इंची' म्हटलं तर चुकीची साखळी गळ्यात पडते; पिच, जाडी आणि कड्या हे तीन आकडे सांगितले की बरोबर मिळते. पेट्रोल आणि चेन ऑइल काढून, टाक्या रिकाम्या करून मशीन ताब्यात दिली, आणि ब्रेकच्या पट्ट्याची जाडी पुढच्या वेळी स्प्रॉकेट उघडेल तेव्हा मोजायला सांगितली.